धुराड्याभोवती बांधलेली घरे : मॅसॅच्युसेट्सच्या जुन्या शेतघरांचा प्रवास

बॉस्टनला पाहुणे आले की त्यांना बंदर, हार्वर्डचे आवार आणि रस्त्यावर ओढलेली फ्रीडम ट्रेलची लाल रेघ दाखवायची, असा इथल्या मराठी घरांचा शिरस्ताच पडून गेला आहे. तासगावकडे आयुष्यभर शेती केलेल्या आमच्या अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हे सारे शांतपणे पाहिले आणि मग विचारले, "इथल्या शेतकऱ्याचं जुनं घर कुठं बघायला मिळंल का?" ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी इथे सुट्टी असते. तिला जोडून आम्ही तिघांनी मोटारीने हे राज्य पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडले आणि वाटेत डेडम, स्टरब्रिज, हॅडली व शेफील्ड अशा ठिकाणची घरे पाहिली. नामवंत पुढाऱ्यांची निवासस्थाने मुद्दाम वगळली. ज्या घरात दूध, धान्य, लोकर आणि जळण यांचा रोजचा राबता होता, अशीच घरे निवडली. या घरांत दर्शनी दिवाणखान्यापेक्षा मागची बाजू अधिक बोलकी असते, असे माझे मत पहिल्याच दिवशी झाले आणि पुढे सगळीकडे आम्ही आधी मागच्या दाराचीच चौकशी करू लागलो.

शुक्रवार : डेडम

सकाळपासून भुरभुर पाऊस होता. बॉस्टनच्या नैर्ऋत्येला, उपनगराच्या अगदी साध्या रस्त्यावर फेअरबँक्स घर उभे आहे. शेजारी आधुनिक घरे, रहदारी, दुकाने. आणि मध्येच हे काळपट लाकडाचे, पाठीत वाकलेल्या आढ्याचे घर. यॉर्कशरहून आलेल्या जोनाथन फेअरबँक्सने ते बांधवले. तुळयांच्या लाकडातील वार्षिक वलये मोजून त्याचा काळ १६३७ ते १६४१ च्या दरम्यानचा ठरवण्यात आला आहे आणि उत्तर अमेरिकेतील टिकून राहिलेले सर्वांत जुने लाकडी चौकटीचे घर म्हणून ते ओळखले जाते. त्याच कुटुंबाच्या आठ पिढ्या तिथे राहिल्या. १९०४ मध्ये फेअरबँक्स वंशजांच्या संस्थेने ते ताब्यात घेतले आणि पुढे त्याचे संग्रहालय झाले.

मूळ घर फार लहान आहे. मध्यभागी विटांचे प्रचंड धुराडे, त्याच्या दोन बाजूंना खाली एकेक आणि वर एकेक खोली, एवढाच पसारा. इथल्या हिवाळ्यात हे धुराडेच घराचा जीव असे, कारण एकदा तापलेला विटांचा तो ढीग रात्रभर दोन्ही खोल्यांना ऊब देत राही. कुटुंब वाढले तसे मागे पाखे लांबवून पडवी काढली गेली आणि नंतर दोन्ही अंगांना जोडघरे आली. त्यामुळे आज पुढून पाहिले तर घर बेताचे वाटते, पण बाजूने पाहिल्यावर छप्पर मागे जवळजवळ जमिनीपर्यंत उतरत गेलेले दिसते.

माहिती देणारे गृहस्थ वयाने अप्पांच्याच बरोबरीचे होते. अप्पांनी छताकडे बोट दाखवून खिळे कुठे आहेत असे विचारले, तेव्हा त्यांनी आम्हाला एका कोपऱ्यात नेले आणि विजेरीच्या उजेडात सांधा दाखवला. एका ओकच्या तुळईला खाच, दुसरीला तिच्यात बसणारी जीभ आणि दोन्हींतून आरपार ठोकलेली लाकडी खुंटी. खुंटीचे डोके हाताने तासलेले, म्हणून गोल नव्हते, ओबडधोबड अष्टकोनी होते. तुळईच्या खालच्या कडा मात्र नजाकतीने उतरत्या तासलेल्या होत्या. इंग्लंडमधील सुतार ज्या पद्धतीने चौकट उभारत, तीच इथे आली. इथल्या बोचऱ्या हवेपुढे गवताचे छप्पर आणि मातीच्या उघड्या भिंती टिकेनात, म्हणून बाहेरून लाकडी फळ्यांचे आवरण चढवण्याची रीत पडली. अप्पांनी खुंटीवरून अंगठा फिरवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

या घरात लाकडावर कोरलेली सहा पाकळ्यांची वर्तुळे आहेत आणि भिंतींच्या पोकळीत ठेवलेले जुने जोडेही सापडले आहेत. दुष्ट शक्ती घरात शिरू नयेत म्हणून केलेली ही सोय, असा अभ्यासकांचा कयास आहे. चर्चच्या कडक शिस्तीत वाढलेल्या त्या समाजानेही दृष्ट लागण्याचा बंदोबस्त गुपचूप करून ठेवला होता, हे पाहून मला ही माणसे एकदम ओळखीची वाटू लागली.

या घराला जाणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मे ते ऑक्टोबर एवढाच हंगाम असतो आणि आत फक्त माहितगारासोबतच सोडतात, म्हणून वेळ आधी विचारून घ्यावी. दुसरे असे की दारे ठेंगणी आहेत, जमीन उंचसखल आहे आणि जिना अतिशय अरुंद आहे. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी खालच्या मजल्यावरच समाधान मानलेले बरे.

शनिवार : स्टरब्रिज

रात्रीतून पाऊस गेला आणि सकाळी आकाश धुऊन निघाल्यासारखे स्वच्छ झाले. मेपलची झाडे या आठवड्यात ऐन रंगात असतात. त्यामुळेच या सुट्टीत पश्चिमेकडील गावांतून खोल्या मिळणे दुरापास्त होते आणि दरही दुप्पट होतात. आम्ही उन्हाळ्यातच आरक्षण केले होते.

ओल्ड स्टरब्रिज व्हिलेज हे १९४६ पासून लोकांसाठी खुले असलेले मांडलेले गाव आहे. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील राज्यांच्या, निरनिराळ्या भागांतून जुनी घरे, गिरण्या, लोहारशाळा उचलून इथे आणल्या आणि १७९० ते १८४० या काळातील खेडे उभे केले. अशा रचलेल्या गावांविषयी मला मुळात थोडा संशय असतो. सारेच स्वच्छ, सारेच हसतमुख, चिखल नाही आणि कर्जही नाही! तरीही फ्रीमन शेतघराने माझा हा संशय बराचसा दूर केला, कारण तिथे माणसे खरोखर काम करताना दिसली.

प्लाइनी फ्रीमन नावाच्या शेतकऱ्याचे हे घर मूळचे स्टरब्रिजच्याच हद्दीतले. तांबड्या रंगाचे, दोनदा मोडलेल्या उताराचे छप्पर, मागे गोठा आणि भाजीचा मळा. आम्ही मागच्या दाराने शिरलो तेव्हा जुन्या वेशातील एक बाई चुलीपुढे वाकून निखारे ओढत होती. चूल कसली, माणूस आत उभा राहील एवढी भिंतीतली पोकळी! एका लोखंडी फिरत्या दांड्यावर भांडी आकड्यांनी टांगलेली. आच कमी हवी असेल तर आकडी बदलायची किंवा दांडा बाहेर ओढायचा. शेजारी विटांची घुमटाकार भट्टी होती. तिच्यात आधी लाकडे पेटवतात, विटा पुरेशा तापल्या की निखारे व राख झाडून काढतात आणि मग पाव आत सरकवून दार लावतात. भट्टी तापली की नाही हे कसे कळते, असे मी विचारले. बाईंनी कोपरापर्यंत बाही वर केली, हात आत घातला आणि मनाशी आकडे मोजत उभ्या राहिल्या. ठरावीक आकड्याच्या आधीच हात बाहेर ओढावा लागला तर भट्टी जास्त तापली आणि आरामात पुढे मोजता आले तर अजून जळण हवे. अप्पा मला म्हणाले, "पोरी, तुझी आजेसासू तव्यावर पाण्याचा थेंब टाकून बघायची, तसलंच हे."

त्या दिवशीचा पाव राय नावाचे गव्हासारखे धान्य आणि मका यांच्या पिठाचा होता. न्यू इंग्लंडमध्ये गव्हावर तांबेरा इतका पडे की सामान्य शेतकऱ्याच्या घरी गव्हाचा पाव ही सणासुदीची चैन होती. मका मात्र इथल्या मूळ रहिवाशांकडून शिकलेले आणि हमखास येणारे पीक होते. पावाचा खरपूस वास सगळ्या स्वयंपाकघरात भरला होता, परंतु आरोग्याच्या नियमांमुळे चुलीवरचे पदार्थ पाहुण्यांना चाखायला देता येत नाहीत, असे त्या बाईंनी दिलगिरीने सांगितले. ती हौस आम्ही संध्याकाळी गावातील एका खाणावळीत भागवली. मक्याचे पीठ, दूध आणि काकवी मंद आचेवर तासन्‌तास शिजवून केलेले इंडियन पुडिंग तिथे मिळाले. दिसायला ते अगदीच सामान्य असते, चव मात्र रेंगाळणारी. शाकाहारी मंडळींनी इथल्या भाजलेल्या वालांच्या पदार्थाबाबत आधी विचारणा करावी, कारण त्यात बहुधा डुकराचे मांस असते.

दुपारचा मोठा भाग गोठ्याबाहेर गेला. तांबूस रंगाच्या बैलांची जोडी लाकडाचे ओंडके ओढत होती आणि हाकणारा तरुण त्यांच्या डाव्या खांद्याशी पायी चालत होता. अप्पा कुंपणाला रेलून पाहत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी मला शंका विचारली आणि ती त्या तरुणापर्यंत पोहोचवायला लावली. या बैलांना वशिंड नाही, मग जू टिकते कशावर? आणि वेसणही नाही, कासराही नाही, मग बैल आवरतो कसा?

तरुणाने जोडी थांबवली आणि अप्पांना कुंपणाच्या आत बोलावले. इथल्या जुवाला खालून इंग्रजी यू अक्षराच्या आकारात वाकवलेले लाकूड बैलाच्या गळ्याभोवती घालतात आणि ते वर जुवातून काढून खुंटीने अडकवतात. ओझ्याचा भार मानेच्या मुळाशी आणि खांद्यांवर येतो, त्यामुळे वशिंडाचा आधार लागत नाही. आपल्याकडे जुवाच्या दोन बाजूंना शिवळा असतात आणि जू वशिंडाच्या पुढे टेकते, हे अप्पांनी हातवारे करून सांगितले. मी जमेल तसे भाषांतर केले, पण दोघांना त्याची फारशी गरज पडत नव्हती. वेसणीच्या प्रश्नाला उत्तर म्हणून तरुणाने नुसते "जी" म्हटले आणि जोडी उजवीकडे वळली. "हॉ" म्हटल्यावर डावीकडे. वासरे काही महिन्यांची असतानाच त्यांच्या मानेवर छोटे जू ठेवून हे शब्द शिकवले जातात. हातातली बारीक काठी टोचण्यासाठी नसते, खुणेसाठी असते. आयुष्यात खिलार जोड्या बाळगलेल्या अप्पांनी शेवटी एका बैलाच्या गळ्याखाली खाजवले आणि निकाल दिला, "जनावर चांगलं हाय. पण पळायचं न्हाई."

लोणी काढण्याची खोली घराच्या थंड, उत्तरेकडच्या अंगाला होती. इथला रवीसारखा दांडा घुसळत फिरवत नाहीत, उंच लाकडी पिंपात वर-खाली मारतात. गोठा, मळा आणि मोठे शेत पुरुषांकडे असले, तरी रोख पैसा देणारे लोणी व चीज मात्र बायकांच्या हातचे असे. सफरचंदांचा हंगाम असल्यामुळे घोड्याने फिरवायचा चरकही चालू होता. ठेचलेल्या सफरचंदांचे थर गवताच्या काडांत रचून दाबल्यावर गढूळ तपकिरी रस पन्हाळीतून वाहत होता. हाच रस पिंपांत आंबवून घरोघरी वर्षभर पीत असत.

या ठिकाणासाठी पूर्ण दिवस हवा. चालणे बरेच आहे, वाटा कच्च्या आहेत आणि आवारातील खाण्याच्या ठिकाणी दुपारी रांग लागते. शिदोरी बरोबर असलेली बरी.

रविवार : हॅडली

स्टरब्रिजपासून हॅडलीपर्यंतच्या तासाभराच्या रस्त्यात जंगलातून धावणाऱ्या दगडी गडग्यांनी अप्पांचे लक्ष वेधून घेतले. झाडीत कोणी कशाला गडगे घालील? ते सारे जंगल एके काळी शेत होते, हे त्याचे उत्तर आहे. हिमयुगाने मागे टाकलेले दगड इथल्या गोठणाऱ्या जमिनीतून दर हिवाळ्यात वर येत राहतात आणि शेतकरी दर वसंतात ते वेचून बांधावर रचत असे. एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडील सपाट, सुपीक जमिनी खुल्या झाल्या तसे लोक इथली शेते सोडून गेले आणि झाडांनी ती परत घेतली. "म्हणजे दगडाला कंटाळून गेले," असे म्हणून अप्पांनी तो विषय मिटवला.

हॅडलीला पोहोचलो तेव्हा गवतावर त्या हंगामातले दव गोठून पांढरे झाले होते. इथे दगड नाहीत. कनेटिकट नदीचे हे खोरे हिमयुगाच्या अखेरीस एका विशाल सरोवराखाली होते आणि त्या सरोवराचा गाळ म्हणजे इथली जमीन. अप्पांनी रस्त्याकडेच्या शेतातली माती हातात घेऊन चुरली आणि खिशातल्या कागदात थोडी बांधूनही घेतली. ती विमानातून नेता येणार नाही, हे त्यांना समजावण्यात माझा अर्धा दिवस गेला.

पोर्टर-फेल्प्स-हंटिंग्टन घर १७५२ मध्ये बांधले गेले. जुने गाव तटबंदीच्या आश्रयाने वसलेले असताना मोझेस पोर्टरने नदीकाठच्या मोकळ्या जमिनीत, गावापासून दूर, घर बांधण्याचे धाडस केले. तीनच वर्षांनी फ्रेंचांविरुद्धच्या लेक जॉर्जच्या लढाईत तो मारला गेला आणि त्याची विधवा व लहान मुलगी एलिझाबेथ यांच्यावर शेती येऊन पडली. ही एलिझाबेथ १७६३ पासून, म्हणजे वयाच्या सोळाव्या वर्षापासून, कित्येक दशके रोजनिशी लिहीत राहिली. कोण आले, कोण आजारी, कोण बाळंत झाले, किती चीज केले, रविवारी प्रवचन कशावर होते, अशा नोंदी. घर कधीच विकले न गेल्यामुळे भांडी, कपडे, पत्रे आणि खुर्च्या जिथल्या तिथे राहिल्या. इतर संग्रहालयांत त्या काळातील वस्तू गोळा करून मांडलेल्या असतात. इथे घरच्याच वस्तू घरात आहेत, आणि हा फरक खोलीत पाऊल टाकताच जाणवतो.

माहिती देणारी मुलगी जवळच्या महाविद्यालयात शिकत होती. तिने दिवाणखाना चटकन आटोपला आणि आम्हाला स्वयंपाकघराकडे नेले, यामुळे मला तिचे कौतुक वाटले. तिथे तिने सीझरविषयी सांगितले. सीझर हा या घरचा गुलाम होता. उत्तरेकडच्या एका सुखवस्तू शेतकऱ्याच्या घरात गुलाम, हे अप्पांना अगदी अनपेक्षित होते. ते सारे दक्षिणेत होते अशीच त्यांची समजूत होती, आणि माझ्या ओळखीतल्या अनेक अमेरिकनांचीही असते. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात सीझरला सैन्यात पाठवले गेले आणि १७७६ मध्ये टिकोंडरोगाच्या किल्ल्यावरून त्याने एलिझाबेथच्या पतीला, चार्ल्स फेल्प्सला, पत्र धाडले. त्या पत्रात तो आपला पगार मिळाला नसल्याची तक्रार करतो आणि घरची सारी मंडळी कशी आहेत, हेही विचारतो. स्वातंत्र्याच्या लढाईवर गेलेला गुलाम धन्याकडे पगाराची विचारणा करतो, यावर आमच्यापैकी कोणालाच काही सुचले नाही. मुलगीही पुढे काही न जोडता आम्हाला अंगणात घेऊन गेली.

या घराचे १७८२ चे मोठे धान्याचे कोठार आज जागेवर नाही. १९३० च्या सुमारास ते हलवून गावात नेले आणि त्यात हॅडली फार्म म्युझियम आहे. नांगर, बैलगाड्या आणि झाडू बनवण्याची यंत्रे यांत रस असणाऱ्यांनी ते चुकवू नये. झाडूसाठी लागणाऱ्या एका प्रकारच्या ज्वारीचे पीक इथे एके काळी मोठे होते. रस्त्याने जाताना फटींच्या उभ्या फळ्यांची लांबच लांब कोठारे दिसतात, ती तंबाखू वाळवण्याची. एका शेताच्या दारात भोपळे आणि मक्याची कणसे मांडली होती, विक्रेता कोणीच नव्हता, फक्त पैसे टाकायला पेटी. अप्पांनी पेटी पाहिली, मोकळा रस्ता पाहिला आणि भोपळा घेऊन पैसे स्वतःच्या हाताने मोजून टाकले. सफरचंदाच्या रसातले गरम डोनट याच पट्ट्यात खावेत. गार झाल्यावर त्यांत राम राहत नाही.

सोमवार : शेफील्ड

दीड तास पश्चिमेला, बर्कशरच्या डोंगरांत, राज्याच्या अगदी टोकाला शेफील्ड आहे. कर्नल जॉन ॲश्ली याचे १७३५ चे घर त्या जिल्ह्यातील सर्वांत जुने घर मानले जाते. ते मूळ जागेवरून थोडे हलवलेले आहे आणि आज 'द ट्रस्टीज ऑफ रिझर्वेशन्स' ही संस्था त्याची देखभाल करते. घर आतून फक्त ठरावीक दिवशी उघडते. संस्थेच्या संकेतस्थळावर दिवस पाहूनच निघावे, कारण एवढ्या आडबाजूला जाऊन बंद दार पाहणे परवडत नाही.

वरच्या मजल्यावर कोरीव लाकूडकामाची अभ्यासिका आहे. १७७३ च्या जानेवारीत गावातील प्रतिष्ठित पुरुषांनी इथे बसून इंग्लंडच्या राजसत्तेविरुद्धचा ठराव तयार केला. सर्व माणसे निसर्गतः समान, स्वतंत्र आणि एकमेकांच्या अधीन नसलेली आहेत, असा त्याचा आशय होता. त्याच वेळी त्याच घरात बेट नावाची गुलाम स्त्री राबत होती. सेजविक कुटुंबातील एका लेखिकेने नंतर लिहून ठेवलेल्या हकिगतीनुसार, ॲश्लीच्या बायकोने एकदा रागाच्या भरात दुसऱ्या एका मुलीवर चुलीतले तापलेले फावडे उगारले. बेटने हात मध्ये घातला आणि घाव झेलला. ती जखम तिने पुढे कधी झाकली नाही. कशाने झाले असे कोणी विचारले तर ती मालकिणीलाच विचारा असे सांगे. आम्ही त्या चुलीपुढे उभे होतो, आणि चुलीशेजारी तसलेच एक लांब दांड्याचे फावडे ठेवलेले होते. अप्पांनी ते उचलून तोलून पाहिले, तेव्हा माहितगार बाईंनी त्यांना हळूच ते खाली ठेवायला सांगितले.

१७८० मध्ये मॅसॅच्युसेट्सने स्वतःची राज्यघटना स्वीकारली आणि तिच्या पहिल्याच कलमात सर्व माणसे जन्मतः मुक्त व समान असल्याचे म्हटले. बेटने थिओडोर सेजविक या वकिलाला गाठले. ब्रॉम नावाच्या दुसऱ्या गुलामासह तिने ॲश्लीवर दावा लावला. ऑगस्ट १७८१ मध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या न्यायालयात ज्यूरीने दोघे मुक्त असल्याचा निकाल दिला आणि ॲश्लीला तीस शिलिंग नुकसानभरपाई द्यायला लावली. त्याने अपील केले, पण नंतर तो माघारी फिरला. पगारावर परत ये, असे त्याने बेटला सांगून पाहिले. तिने नकार दिला, एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतले आणि सेजविकांच्या घरी वेतनावर काम केले. सुईण व शुश्रूषा करणारी म्हणून तिने नाव कमावले आणि पुढे स्वतःचे घर विकत घेतले.

"पगार किती मिळायचा तिला?" अप्पांनी विचारले. बाईंनी जुने हिशेब काढून पुढे कळवण्याचे कबूल केले आणि पत्त्यासाठी माझी वही मागून घेतली. शेफील्डच्या चर्चशेजारी २०२२ मध्ये उभारलेला एलिझाबेथ फ्रीमनचा पुतळा आहे, तो पाहून आम्ही उत्तरेला स्टॉकब्रिजला गेलो. तिथल्या दफनभूमीत सेजविक कुटुंबाच्या वर्तुळाकार जागेत तिची कबर आहे. ती १८२९ मध्ये वारली. जागा सहज सापडते, मात्र वाहन बाहेर रस्त्यालाच लावावे लागते. तिथून ली या गावी महामार्ग पकडला. सुट्टी संपवून परतणाऱ्या गाड्यांची रांग वूस्टरपर्यंत लागलेली होती, म्हणून ज्यांना शक्य असेल त्यांनी स्टॉकब्रिजला मुक्काम करून मंगळवारी सकाळी निघावे.